आधी हात, मग फरशी

गेल्या महिन्यात ओळखीचे एक गृहस्थ रात्री नऊच्या सुमारास पत्नीसह घरी आले. त्यांच्या सुनेचे सिझर होऊन आठवडा झाला होता. बाळ छान होते, पण सुनेला थंडी वाजून ताप येत होता आणि टाक्यांतून पू येऊ लागला होता. मी काही विचारण्याच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडून पथ्यात काही कमी पडलं नाही हो. नुसता मऊ भात आणि मुगाचं वरण देतोय. पण दवाखान्यातल्या मावशी म्हणतात, पेशंटनं चोरून वांगं खाल्लं असणार, त्याशिवाय टाके पिकत नाहीत."

बोलताना त्या माउलीचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता. घरी सुनेची उलटतपासणी झाली असणार हे उघड होते. बाळंतिणीची डाळ, पालेभाजी, दूध, अंडी सगळे बंद करून तिला भातावर ठेवले होते. जखम भरण्यासाठी ज्या प्रथिनांची गरज, नेमकी तीच बंद!

वाचकहो, वांग्याने टाके पिकत नाहीत. आंबट खाल्ल्यानेही नाही आणि हरभऱ्याच्या डाळीनेही नाही. टाके पिकतात ते जंतूंमुळे. हे जंतू पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरून जखमेत शिरतात, काही वेळा नीट निर्जंतुक न झालेल्या हत्यारांवरून, आणि काही वेळा उपचार करणाऱ्या माणसांच्या हातांवरून. मधुमेह, रक्तक्षय, अतिलठ्ठपणा असेल तर धोका अधिक. पण बिचाऱ्या वांग्याचा यात काही संबंध नाही.

हे आज मी ठामपणे लिहितो आहे, तरी एक कबुली द्यायला हवी. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही काही रुग्णांचे टाके पिकले. नातेवाईकच म्हणायचे, "हिनं ऐकलं नाही, लोणचं खाल्लं." मी ते खोडून काढले नाही. गप्प राहणे सोयीचे होते. रुग्णाच्या जिभेवर दोष गेला की डॉक्टरच्या हाताकडे कुणी पाहत नाही. आजचा लेख त्या गप्प राहण्याची थोडी भरपाई म्हणून समजा.

दाखल होताना जो आजार नव्हता, तो रुग्णालयात राहिल्यामुळे जडला, तर त्याला रुग्णालयीन संसर्ग म्हणतात. पिकलेले टाके, लघवीच्या नळीमुळे झालेला जंतुसंसर्ग, सलाईनच्या सुईतून रक्तात शिरलेले जंतू आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर असताना झालेला न्यूमोनिया हे त्याचे चार प्रमुख प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. ज्यांना तो होतो, त्यांच्यापैकी सरासरी दहात एक दगावतो. म्हणजे हा प्रश्न चार-दोन दिवस जास्त मुक्काम आणि थोडे वाढीव बिल एवढाच नाही. प्रश्न जिवाचा आहे.

दिलासा एवढाच की, हात स्वच्छ ठेवणे आणि तशाच इतर स्वस्त उपायांनी यांतले बहुसंख्य संसर्ग टळू शकतात, असेही तोच अहवाल सांगतो. मग ते टळत का नाहीत? माझे मत स्पष्ट आहे. आपण उपाय करत नाही असे नाही. आपण उपायांचा क्रम चुकवतो. जे दिसते ते आधी करतो आणि जे कामाला येते ते मागे ठेवतो.

याचे ताजे उदाहरण देतो. काही महिन्यांपूर्वी गावातल्या काही दानशूर मंडळींनी एका रुग्णालयासाठी निधी जमवला आणि सल्ल्यासाठी मलाही बैठकीला बोलावले. यादी तयारच होती. प्रवेशद्वारापाशी ग्रॅनाइट, प्रतीक्षा कक्षात टीव्ही, ऑपरेशन थिएटरला धुरी देण्याचे नवे यंत्र आणि अतिदक्षता विभागाबाहेर चपलांसाठी स्टीलचे रॅक. मी विचारले, "वॉर्डात हात धुवायला बेसिन किती?" उत्तर मिळाले, "एक आहे की, शेवटच्या टोकाला." पुढची चौकशी केली तेव्हा कळले, त्या बेसिनचा नळ दुपारनंतर कोरडा असतो आणि साबण चोरीला जातो म्हणून ठेवत नाहीत. मी सुचवले की ग्रॅनाइट थोडे थांबवू आणि आधी पाण्याची टाकी व सहा बेसिन करू. मंडळी हसली. एक जण म्हणाले, "डॉक्टर, बेसिनवर देणगीदाराचं नाव कुठं लिहायचं?"

विनोद म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. पैसा आणि माणसे दोन्ही अपुरी असतात तेव्हा 'सगळेच करू' म्हणणारा काहीच करत नाही. म्हणून कुठल्याही उपायाला तीन प्रश्न विचारावेत. एक, ज्या धोक्यावर हा उपाय आहे त्यामुळे किती रुग्णांना आणि किती गंभीर इजा होते? दोन, या उपायाने तो धोका खात्रीने कमी होतो असे सिद्ध झाले आहे का? तीन, आपल्याजवळ आहेत तेवढ्या माणसांत आणि पैशांत तो उद्यापासून सुरू करता येईल का? या तीन चाळण्यांतून जो पार पडेल तो आधी. बाकीचे सवडीने.

या चाळण्या लावल्या की पहिला क्रमांक निर्विवादपणे हातांचा लागतो. ही आजची गोष्ट नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाईस नावाचे तरुण डॉक्टर होते. तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त. बायका हातापाया पडून सांगत, आम्हाला त्या विभागात घालू नका. त्याच वर्षी सेमेलवाईस यांचे एक प्राध्यापक मित्र शवविच्छेदन करताना बोटाला सुरी लागून वारले आणि त्यांच्या शरीरातही बाळंतज्वरासारख्याच खुणा सापडल्या. सेमेलवाईस यांच्या ध्यानात आले की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे जाणारे डॉक्टरच मृत्यू हातावर घेऊन जात आहेत. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका दगावत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनवर आले. तरीही वरिष्ठांना ते पटले नाही. आपल्याच हाताने रुग्ण मरतात हे कबूल करणे कुणाला आवडते?

अलीकडचा दाखला हवा असेल तर जिनिव्हाचा घ्या. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात मोहीम चालवली. खाटेजवळ अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या बाटल्या ठेवल्या, भित्तिपत्रके लावली, हात स्वच्छ करण्याची मोजणी केली. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयीन संसर्गाचे प्रमाण जवळपास १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आले. लक्षात घ्या, जिनिव्हासारख्या ठिकाणीही शंभर टक्के लोक हात धुवत नव्हते. तरी एवढा फरक पडला.

आपल्याकडे एका सिस्टरकडे चाळीस-चाळीस खाटा असतात. प्रत्येक रुग्णानंतर तिने वॉर्डाच्या टोकाला जाऊन, नळाला पाणी असल्यास, मिनिटभर हात धुवावेत अशी अपेक्षा करणे म्हणजे तिची थट्टा आहे. म्हणून हातांना पहिला क्रमांक देणे म्हणजे भिंतीवर 'हात धुवा' अशी पाटी लावणे नव्हे. पाणी, साबण आणि बेसिन हाताशी आणणे, आणि प्रत्येक दोन-चार खाटांमागे अल्कोहोलच्या द्रावणाची बाटली ठेवणे म्हणजे प्राधान्य. ते द्रावण चोळायला वीस ते तीस सेकंद पुरतात. हात उघड मळलेले असतील, रक्त लागले असेल, तर मात्र साबण-पाणीच हवे. हे द्रावण रुग्णालयाच्या औषधभांडारातही तयार करता येते. त्याची कृती जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेली आहे. २०२० साली कोरोनाच्या काळात आपल्याकडच्या साखर कारखान्यांनीही सॅनिटायझर बनवले होते. तेव्हा 'मिळत नाही' ही सबब चालणार नाही. हातमोज्यांबद्दलही एक सांगतो. एकच मोजा घालून दहा रुग्णांची ड्रेसिंग करणारी माणसे मी पाहिली आहेत. तो मोजा रुग्णाचे रक्षण करत नाही, घालणाऱ्याचे करतो.

दुसरा क्रमांक सुई आणि हत्यारांचा. एका माणसाला वापरलेली सुई किंवा सिरिंज दुसऱ्याला कधीच वापरायची नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांतून हिपॅटायटिस-बीची साथ पसरली आणि अनेक जण दगावले. नुसती सुई बदलून तीच सिरिंज वापरणेही तितकेच धोक्याचे. हत्यारांबाबत म्हणाल तर ऑटोक्लेव्ह चालू आहे, दाब पुरेसा येतो, वेळ पाळली जाते आणि ड्रममध्ये तपासणीची पट्टी टाकली जाते, एवढे चार मुद्दे रोज वहीत लिहिले गेले पाहिजेत. स्पिरिटने पुसले म्हणजे चिमटा निर्जंतुक होत नाही.

तिसरा क्रमांक नळ्यांचा. शरीरात घातलेली प्रत्येक नळी ही जंतूंसाठी उघडलेले दार असते. लघवीची नळी जितके दिवस आत राहते, तितका लघवीत जंतू सापडण्याचा धोका वाढतो. ही वाढ दर दिवसाला ३ ते ७ टक्के धरतात. पण आपल्याकडे नळी घालायला डॉक्टर लागतो आणि काढायची आठवण कुणालाच राहत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी पाच साध्या गोष्टी ठरवल्या. हात धुणे, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणे, क्लोरहेक्सिडिनने कातडी साफ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. दीड वर्षात त्या संसर्गाचे प्रमाण ६६ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या पाचांत एकही महागडे यंत्र नाही.

चौथा क्रमांक शस्त्रक्रियेच्या आधीच्या तयारीचा. आदल्या रात्री वस्तऱ्याने पोट साफ करण्याची पद्धत अजून कितीतरी ठिकाणी आहे. वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर यंत्राने कापावेत, वस्तरा लावू नये, असे २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना बजावते आहे. प्रतिजैविकाचा डोस चीर देण्याआधी, ठरलेल्या वेळेतच मिळायला हवा. शस्त्रक्रियेनंतर आठ-आठ दिवस 'टाके पिकू नयेत म्हणून' महागडी इंजेक्शने देत राहण्याने फायदा होत नाही. उलट औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात. ही इंजेक्शने म्हणजे न धुतलेल्या हातांचा दंड आहे आणि तो रुग्ण भरतो.

आता यादीच्या तळाशी काय जाते ते पाहू. बाहेरच्या चपलांच्या रॅकला मी शेवटचा क्रमांक देईन. आत येणाऱ्याच्या चपला निघाल्या, पण हात तसेच राहिले, तर काय साधले? धुरीचे यंत्रही खालीच. थिएटर बंद करून फॉर्मालिनची धुरी देण्यावर आपल्या लोकांचा फार विश्वास. नाकाडोळ्यांना झोंबते म्हणजे जंतू मेले असणार, असे वाटते. पण फॉर्मालिनचा वायू माणसालाच घातक असून तो कर्करोगकारक ठरला आहे, आणि रुग्णांच्या भागात नेहमीसाठी अशी फवारणी करू नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही म्हटले आहे. निर्जंतुक शस्त्रक्रियेचा पाया घालणारे लिस्टर यांनी एके काळी थिएटरच्या हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारण्याची प्रथा पाडली होती. पुढे १८९० साली त्यांनी स्वतःच जाहीरपणे ती चूक मान्य केली. एवढा मोठा माणूस आपली पद्धत मागे घेऊ शकतो, तर आपल्यालाही जमायला हरकत नाही.

यावर कुणी म्हणेल, "म्हणजे फरशी पुसायचीच नाही का?" अवश्य पुसायची. पण कोरड्या झाडूने धूळ उडवून नव्हे, ओल्या फडक्याने. आणि फरशीच्या आधी पुसायचे ते खाटेचे दांडे, औषधांची ट्रॉली, दरवाजाची कडी, सलाईनचा स्टँड. कारण तिथे हात लागतात. फरशीला कुणी जखम टेकवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डॉक्टर मित्र म्हणतात, "माणसंच नाहीत, तिथे तुझा क्रम काय करणार?" ही अडचण मी नाकारत नाही. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. दमलेल्या माणसाकडून स्वच्छता पाळली जात नाही. पण माणसे कमी असतात तेव्हाच तर क्रमाची गरज जास्त. ज्या सिस्टरकडे वीस कामे आहेत, तिला त्यांतली कोणती चार चुकवायची नाहीत हे वरिष्ठांनी सांगितले पाहिजे. नाहीतर ती साहेबांच्या भेटीआधी चादरी बदलेल आणि लघवीची नळी तशीच राहील.

आणि मोजणी हवी. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जणांचे टाके पिकले, हे महिन्याच्या महिन्याला फळ्यावर लिहा. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले की ज्या रुग्णालयांत संसर्गाची नियमित नोंद, त्यासाठी नेमलेली माणसे आणि शल्यविशारदांना त्यांचे आकडे कळवण्याची पद्धत होती, तिथे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्या सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ साली 'कायाकल्प' योजना सुरू झाली. तीत स्वच्छतेबरोबर संसर्ग-नियंत्रणालाही गुण आहेत. पण रंगरंगोटी डोळ्यांत भरते, टाक्यांचा आकडा भरत नाही. देणगीदारांनी, रुग्णकल्याण समित्यांनी आणि आम्हा खासगी डॉक्टरांनीही तो आकडा मागायला शिकले पाहिजे.

आता वाचकांसाठी चार गोष्टी.

डॉक्टर किंवा सिस्टर जखमेला हात लावण्यापूर्वी नम्रपणे विचारा, "हात धुतलेत ना?" यात अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. आला तरी तो तुमच्या जखमेपेक्षा लवकर बरा होतो.

लघवीची नळी किंवा सलाईनची सुई असेल तर रोज सकाळी विचारा, "आज काढता येईल का?" आणि अशक्तपणासाठी उगाच सलाईन लावायचा आग्रह धरू नका. गरज नसलेली सुई ही गरज नसलेली जखम असते.

भेटायला जाताना गोतावळा नेऊ नका, लहान मुलांना तर नाहीच. रुग्णाच्या खाटेवर बसू नका. आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर भेट फोनवर घ्या.

शस्त्रक्रियेनंतर ताप आला, जखम लाल झाली, पाणी किंवा पू येऊ लागला, तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि जेवण तोडू नका. डाळ, दूध, अंडी, भाजी सगळे खाऊ द्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

त्या सूनबाईंचे पुढे काय झाले, हे विचाराल. जखम उघडून साफ करावी लागली, पुवाची तपासणी करून योग्य औषध दिले, आणि तीन आठवड्यांनी ती बरी झाली. बाळाला जवळ घेऊन बसायचे ते पहिले दिवस मात्र गेले ते गेलेच. तिच्या सासूबाईंना मी समोर बसवून सांगितले, "यात तुमच्या सुनेची काही चूक नाही, आणि तुमचीही नाही." हे वाक्य मी कितीतरी वर्षे आधी कितीतरी जणींना सांगायला हवे होते.

आणि त्या निधीचे? ग्रॅनाइट बसले, छान दिसते. बेसिनचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ असे ठरले आहे. मीही त्या बैठकीला जाणार आहे. देणगीदारांपैकी कुणी हा लेख वाचत असेल, तर त्यांना एवढेच सुचवतो की बेसिनच्या वर, आरशाच्या जागी, नावाची पाटी अगदी ठळक बसते. दिवसातून शंभर वेळा लोकांच्या नजरेस पडेल. हात धुणारे हात तेवढ्या वेळा तिथे आले, तर त्या नावाला खरोखरीचे पुण्यही लागेल.